बॅटरीवर चालणाऱ्या बोटी आणि त्यांवरची माणसे : वाचकांचे प्रश्न

कोचीच्या वॉटर मेट्रोविषयीचा लेख मागील अंकात आल्यानंतर बरीच पत्रे आली. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेतील बोटी कोचीन शिपयार्डने बांधल्या असून त्या मुख्यतः बॅटरीवर चालतात, एवढी माहिती त्या लेखात होती. पत्रलेखकांचा रोख मात्र बोटींपेक्षा त्या चालवणाऱ्या माणसांकडे अधिक आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी प्रवासी लाँचवर इंजिन ड्रायव्हर आहे. न्हावा-शेव्याला बॅटरीवरचे टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) येणार असे ऐकतो. डिझेल इंजिनाचे माझे ज्ञान उद्या निरुपयोगी ठरेल का, आणि आतापासून काय शिकून ठेवावे? — एक वाचक, उरण

आपण ऐकलेत ते खरे आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये हरित टगांचा कार्यक्रम जाहीर केला. २०२७ अखेरपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात जवाहरलाल नेहरू (न्हावा-शेवा), दीनदयाळ (कांडला), पारादीप आणि तुतिकोरिनचे व्ही. ओ. चिदंबरनार या चार बंदरांनी प्रत्येकी किमान दोन असे टग घ्यायचे असून, पहिले टग बॅटरीवर चालणारे असावेत असे ठरले आहे.

आपले ज्ञान निरुपयोगी ठरणार नाही. बिल्ज पंप (तळाशी साचलेले पाणी उपसणारा), शाफ्ट, सुकाणू, थंड पाण्याच्या वाहिन्या हे सारे बॅटरीच्या बोटीवरही असते, आणि कोचीच्या बोटींवर अडचणीच्या वेळेसाठी डिझेल जनरेटरही ठेवलेला आहे. बदलते ते बिघाड ओळखण्याचे साधन. डिझेल इंजिन कुरकुरू लागले की अनुभवी ड्रायव्हरला ते आवाजावरून, वासावरून किंवा पायाखालच्या थरथरीवरून कळते. बॅटरीचे दुखणे मात्र आधी पडद्यावरच्या आकड्यांत दिसते. समजा, सगळ्या मॉड्यूलांचे (सेलच्या गठ्ठ्यांचे) तापमान २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान आहे आणि त्यांतले एकच ३६ वर गेले आहे. धोक्याची घंटा वाजायला अजून बराच अवकाश असल्यामुळे नवखा माणूस तिकडे लक्ष देत नाही. प्रशिक्षित ड्रायव्हर मात्र त्याच वेळी नोंदवहीत ते लिहितो, पुढच्या फेरीत तो फरक वाढतो आहे का हे पाहतो आणि वरिष्ठांना कळवतो. आकड्यांकडे असे सतत, तुलनेने पाहण्याची सवय लावून घेणे हा पहिला धडा समजावा.

दुसरा धडा विजेचा आहे. डिझेल बंद केले की इंजिन थांबते; बॅटरी त्या अर्थाने कधीच बंद होत नाही. ब्रेकर उघडला तरी तारेच्या पुढच्या भागातला प्रवाह तेवढा थांबतो आणि संचाच्या आत व्होल्टेज तसेच राहते. हे व्होल्टेज काहीशे ते हजाराच्या आसपास असते, आणि तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे. एसी विजेचा प्रवाह सेकंदात अनेकदा शून्यावर येत असल्याने तिची ठिणगी विझण्याची शक्यता असते; डीसीची ठिणगी एकदा पेटली की सहजासहजी तुटत नाही. शिवाय इन्व्हर्टरमधील (डीसीची एसी करणाऱ्या यंत्रातील) कपॅसिटरांत वीज साठून राहते, म्हणून वीज तोडल्यावर उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून, मीटरने मोजून, मगच आवरण उघडायचे असते. काम करताना ब्रेकरला कुलूप घालून त्यावर स्वतःच्या नावाचा फलक लावणे, अवाहक मुठीची हत्यारे वापरणे, अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन आणि मनगटातले कडे काढून ठेवणे, आणि बॅटरी-रूममध्ये एकट्याने काम न करणे, या गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. शेवटची अट आपल्याकडे सर्वांत आधी मोडली जाते, कारण लाँचवर माणसे मोजकीच असतात.

तिसरा धडा हिशेबाचा. बोटीला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ८ नॉटवरून १० नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जायचे तर जवळजवळ दुप्पट शक्ती खर्ची पडते. डिझेलच्या बोटीवर हा खर्च महिनाअखेरीस मालकाला दिसतो, बॅटरीच्या बोटीवर तो त्याच फेरीत आपल्याला दिसतो. मुंबई बंदरात ओहोटीच्या उलट जाताना किंवा उशीर भरून काढताना हा हिशेब सारंग (बोट हाकणारा) आणि ड्रायव्हर दोघांच्याही डोक्यात पक्का हवा, आणि परतीसाठी राखून ठेवायच्या चार्जला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही हेही दोघांनी आधीच ठरवलेले हवे.

प्रमाणपत्राबद्दल एक सूचना. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू करारात उच्च दाबाच्या विजेचे प्रशिक्षण सांगितले आहे. पण तेथे उच्च दाब म्हणजे १००० व्होल्टच्या वर. बॅटरीचे बरेच संच या रेषेच्या थोडे खाली असतात, त्यामुळे नियमाने ते प्रशिक्षण सक्तीचे ठरत नाही. धोक्याला ही रेषा ठाऊक नसते. संधी मिळाल्यास ते प्रशिक्षण घ्यावे, आणि नवी बोट ताब्यात घेताना उत्पादकाचा तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्यामागे सावलीसारखे राहावे.

प्रश्न : मी परदेशी जाणाऱ्या जहाजांवर सेकंड इंजिनिअर आहे. पुढच्या जहाजावर बॅटरीचा मोठा संच असल्याचे कंपनीने कळवले आहे. इंजिन रूमला आग लागली की माणसे मोजायची, दारे आणि डॅम्पर (हवेच्या वाटांची झाकणे) बंद करायचे आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडायचा, हे आम्हाला झोपेतही येते. बॅटरी-रूमसाठी यापेक्षा वेगळे काय शिकायचे? — एक वाचक, डोंबिवली

आपला प्रश्न नेमका दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तेलाच्या आगीला बाहेरचा प्राणवायू लागतो. तो तोडला की आग मरते. लिथियम-आयन सेलचे तसे नाही. आतून शॉर्ट झाल्याने, जास्त चार्ज झाल्याने, मार लागल्याने किंवा बाहेरून तापल्याने सेल एका मर्यादेपलीकडे गेला की त्याच्या आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात आणि ती उष्णता त्या क्रियांना आणखी वेग देते. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. एक सेल पेटला की लवंगी माळेसारखी शेजारच्याची पाळी येते. या दरम्यान सेलमधून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि इलेक्ट्रोलाइटची वाफ असे ज्वलनशील वायू सुटतात. सोबत हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसांना आणि कातडीला जाळणारा विषारी वायूही असतो. सीओटूने किंवा तशा अन्य वायूने ज्वाळा विझतील, पण सेल थंड होणार नाहीत. म्हणजे ज्वाळा नाहीत, पण वायू सुटतच आहे, आणि खोली मात्र आपणच घट्ट बंद केलेली आहे, अशी अवस्था येऊ शकते. त्यात कोणी ‘बघू तरी विझली का’ म्हणून दार उघडले तर बाहेरची हवा आत जाऊन स्फोट होण्यास हवे असलेले मिश्रण तयार होते.

हे नुसते पुस्तकी भय नाही. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘इटरओयनिंगेन’ या डिझेल-बॅटरी फेरीबोटीच्या बॅटरी-रूममध्ये १० ऑक्टोबर २०१९ रोजी संध्याकाळी आग लागली. फेरीबोट स्वतःच्या शक्तीवर धक्क्याला आली, प्रवासी आणि कर्मचारी सुखरूप उतरले. आग आटोक्यात आली असे वाटत असताना दुसऱ्या दिवशी सकाळी डेकखाली साचलेल्या वायूचा मोठा स्फोट झाला. वायूच्या संपर्कात आलेल्या अग्निशमन जवानांना तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे लागले. कारण शोधताना जे समोर आले ते किरकोळ वाटावे असे होते : बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या जोडातील गॅस्केट नीट बसलेले नव्हते, द्रव गळला, आणि विजेच्या भागांत ठिणग्या उडाल्या. त्यातच आग विझवण्यासाठी खारे पाणी वापरले गेले, आणि खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहत असल्याने ते जिवंत विजेच्या भागांवर पडले की नवे शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो.

या घटनेतील एक बाब मला प्रशिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. संच वापरात नसला तरी त्याचा नियंत्रण-यंत्रणेशी संपर्क चालू असल्याखेरीज जहाज हाकू नये, अशी सूचना बॅटरी पुरवणाऱ्या कंपनीने त्यानंतर दिली, आणि साचणाऱ्या स्फोटक वायूंच्या धोक्याचा नव्याने आढावा घेण्यास नॉर्वेच्या सागरी प्रशासनाने सर्व जहाजमालकांना सांगितले. आपल्या हाताखालच्या मंडळींना ‘आज बॅटरी बंद आहे, डिझेलवर चालू आहोत’ असे म्हणताना ऐकलेत तर त्यांना तेथेच थांबवावे. बंद ठेवलेल्या बॅटरीवरही पहारा लागतोच.

मार्च २०२१ मध्ये ऑस्लोच्या खाडीत ‘ब्रिम’ या पर्यटन-कॅटमरानवर आग लागली, तेव्हा जहाजावर फक्त चार कर्मचारी होते आणि ते सगळे वाचले. तपासात बॅटरी-रूममध्ये समुद्राचे पाणी शिरल्याचे आणि त्याची वाट हवा खेळवण्याच्या मार्गातून गेल्याचे निष्पन्न झाले. यातून इंजिनिअरने घेण्याची गोष्ट साधी आहे. बॅटरी-रूमच्या हवेच्या तोंडांची, तेथील ड्रेनची आणि तळाशी दिसणाऱ्या ओलाव्याची पाहणी ही रोजच्या फेरीत तेलाच्या पातळीइतकीच अनिवार्य मानावी, आणि इन्सुलेशन कमी झाल्याचा अलार्म आला तर तो ‘रीसेट’ करून पुढे जाऊ नये. पहिला ‘अर्थ फॉल्ट’ (वीज जहाजाच्या अंगाकडे गळणे) यंत्रणा चालू ठेवतो, दुसरा तिला पेटवू शकतो. दोहोंमधला वेळ हाच काय तो आपल्या हातात असतो.

आता सरावाविषयी. बॅटरी-रूममधील वायूच्या डिटेक्टरचा पहिला इशारा आला की काय करायचे, हे जहाजागणिक वेगळे असते, कारण कुठे वायू बाहेर काढणारा पंखा चालूच ठेवायचा असतो, कुठे अग्निशामक वायू सोडण्यापूर्वी तो बंद करायचा असतो, आणि कुठे गोड्या पाण्याचा फवारा हेच पहिले साधन असते. म्हणून जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी आपण त्या खोलीचा आराखडा, वायू बाहेर पडण्याच्या पाइपाचे तोंड डेकवर नेमके कुठे उघडते आणि त्याच्या आसपास माणसे उभी राहतात का, हे स्वतः पाहून घ्यावे. मस्टरची (सर्वांनी जमण्याची) जागा त्या तोंडाच्या जवळ असल्याचे आढळल्यास ती बदलून घेण्याचा आग्रह धरावा. सरावात बीए सेट (श्वसनाचे उपकरण) घालून शेजारच्या खोल्यांच्या भिंती बाहेरून थंड ठेवणे, दार न उघडता तापमान वाचत राहणे, आणि धक्क्यावर येणाऱ्या अग्निशमन दलाला बॅटरीचा प्रकार, चार्जची पातळी व शेवटची वायूची नोंद एका कागदावर लिहून देणे, यांचा समावेश असावा. ‘आग विझली’ असे जाहीर करण्याचा अधिकार कोणाला आणि किती तासांच्या निरीक्षणानंतर, हेही आधीच लिहून ठेवलेले बरे. त्या क्षणी सगळ्यांनाच घरी जायची घाई असते.

प्रश्न : मी सागरी प्रशिक्षण संस्थेत शिकवतो. बॅटरीच्या जहाजांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम कोणत्या नियमाखाली बसवायचा आणि तो शिकवायचा कसा? — एक प्राध्यापक, पुणे

नियमांची घडी अजून पूर्ण बसलेली नाही. एसटीसीडब्ल्यूमध्ये आयजीएफ कोडखालील जहाजांसाठी प्रशिक्षण आहे, पण ते वायू आणि कमी तापमानाला पेटणारी इंधने यांपुरते. बॅटरी त्यात येत नाही. युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जहाजांवरील बॅटरी-यंत्रणांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शिका काढली. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सागरी सुरक्षा समितीने पर्यायी इंधने आणि नवे तंत्रज्ञान वापरणाऱ्या जहाजांवरील प्रशिक्षणासाठी सर्वसाधारण अंतरिम मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली, आणि प्रत्येक इंधनासाठी व तंत्रज्ञानासाठी वेगळी तत्त्वे हा त्यापुढचा टप्पा आहे. आपल्या आतल्या जलमार्गांवरील बोटींचा कारभार अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली चालतो, तेव्हा कोचीचा सारंग आणि परदेशी जहाजावरचा इंजिनिअर यांना एकाच नियमाच्या साच्यात बसवता येणार नाही.

शिकवण्याबद्दल माझे मत जरा कडक आहे. संगणकावर वीस प्रश्नांची उत्तरे टिचकी मारून मिळणारे प्रमाणपत्र या विषयात निरुपयोगीच नव्हे, घातक आहे, कारण ते माणसाला आपल्याला येते असे वाटायला लावते. वर्गात रसायनशास्त्र आणि विजेची मूलतत्त्वे सांगावीत, पण त्यानंतरचा वेळ त्या त्या बोटीच्या खऱ्या अलार्म-पडद्यासमोर घालवावा. जुन्या फेऱ्यांच्या नोंदी पुढे ठेवून ‘यात तुम्हाला कोणत्या मिनिटाला शंका आली असती’ असे विचारावे. आम्हा इंजिनिअर मंडळींना वाटते की धडे इंजिन-विभागापुरते आहेत. प्रत्यक्षात चार्जचा हिशेब सारंगाच्या हाती असतो, दोर सोडणारा आणि चार्जिंगच्या तारेजवळ उभा राहणारा खलाशी असतो, आणि धक्क्यावरचे यंत्र सांभाळणारा माणूस बोटीचा नोकरही नसतो. या सगळ्यांना एकाच सरावात आणावे.

चार्जिंगचा मुद्दा मुद्दाम सांगतो. नॉर्वेतील ‘अँपेअर’ ही मोटारी वाहणारी पहिली पूर्ण बॅटरीवरची फेरीबोट २०१५ मध्ये सोग्नच्या खाडीत लाविक आणि ओपेदाल यांच्या दरम्यान धावू लागली. साधारण २० मिनिटांची फेरी आणि धक्क्यावर सुमारे १० मिनिटांचे चार्जिंग, असे दिवसातून तीसहून अधिक वेळा. जे काम इतक्या वेळा होते त्यात हात आपोआप चालतात आणि लक्ष दुसरीकडे जाते. घाईत इंटरलॉक (जोडणी नीट झाल्याशिवाय वीज सुरू होऊ न देणारी सोय) ‘तात्पुरता’ बाजूला सारण्याचा मोह अशाच वेळी होतो. विद्यार्थ्यांना पहिल्या चार्जिंगचे प्रात्यक्षिक दाखवण्यापेक्षा, कंटाळलेल्या संध्याकाळच्या चार्जिंगचे करून घ्यावे, आणि त्यात मुद्दाम एक दोष पेरून ठेवावा.

प्रश्न : माझ्या दोन पर्यटन-बोटी आहेत. एकीला बॅटरी आणि मोटर बसवण्याचा विचार आहे. हाताखाली चार मुले आहेत, त्यांना काय शिकवू? स्वस्तात जुन्या बॅटऱ्या मिळत आहेत, त्या चालतील का? — एक वाचक, मालवण

जुन्या बॅटऱ्यांचे आधी सांगतो : चालणार नाहीत. रस्त्यावरच्या वाहनांतून निघालेले, इतिहास माहीत नसलेले सेल खाऱ्या हवेच्या बोटीत आणि तेही प्रवाशांच्या पायांखाली बसवू नयेत. नवा संच घेताना फक्त किंमत आणि क्षमता पाहू नये. लिथियम-आयर्न-फॉस्फेट किंवा कोचीत वापरलेले लिथियम टायटनेट हे प्रकार निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या तुलनेत उष्णतेला अधिक टिकाव धरणारे आहेत. मात्र ते पेटतच नाहीत असे विक्रेत्याने सांगितले तर त्याच्याकडून काही घेऊ नये. सागरी वापराची मान्यता असलेला संच घ्यावा आणि बदलाचे नकाशे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्वेक्षकाला आधी दाखवावेत.

मुलांना शिकवण्यासारखे पुष्कळ आहे, पण सुरुवात प्लगपासून करा. चार्जिंगचा कनेक्टर लावण्यापूर्वी तो कोरडा आहे का, पिनांवर हिरवट थर आला आहे का, तारेचे आवरण जेट्टीच्या कडेला घासून फाटले आहे का, हे हाताने आणि डोळ्यांनी पाहण्याची सवय लावा. चारांपैकी दोघांनी मुख्य वीज तोडण्याचा स्विच डोळे मिटूनही सापडेल इतका सराव करावा. पावसाळ्यात बोट ओढून शाकारून ठेवाल तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी सोडू नका. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा, आणि पंधरवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन व्होल्टेज व ओलावा पाहून तारखेसह लिहून ठेवावे. गणपतीनंतर बोट पाण्यात उतरवताना पहिली फेरी पर्यटकांविना काढा.

प्रश्न : अशा बोटीत बसणे सुरक्षित आहे का? पाण्यात पडलो तर विजेचा धक्का बसेल का? — एक वाचक, अलिबाग

केरळमध्ये वैकोम येथे ‘आदित्य’ ही सौर-बॅटरीवरची प्रवासी बोट जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या देशालाही हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. या बोटींतील वीज-यंत्रणा बोटीच्या अंगापासून अलग ठेवलेली असते, त्यामुळे चांगल्या स्थितीतील बोटीजवळ पाण्यात पडल्याने धक्का बसण्याचे कारण नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो धूर. बॅटरीचा पहिला धूर पुष्कळदा पांढरट, वाफेसारखा आणि गोडसर किंवा रसायनाच्या वासाचा असतो. तो दिसला तर मोबाइलवर चित्रण करत जवळ जाऊ नका. ताबडतोब खलाशाला सांगा, लाइफ जॅकेट घाला आणि वारा ज्या बाजूने येतो आहे त्या बाजूला जा. नीट शिकलेला सारंग त्याच वेळी धूर प्रवाशांवरून जाणार नाही अशा बेताने बोट वळवेल, तेव्हा बोट अचानक फिरली तर घाबरून उभे राहू नका.